नवव्या माणसाचं नाव

६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती रक्तदाब लिहायला. सकाळचा एक आकडा, संध्याकाळचा एक. याच दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून मी अख्ख्या नॉर्डली गावाचा रक्तदाब लिहिला, आता स्वतःचा लिहायची पाळी आली. सकाळचा आकडा ठीक होता. मग बातम्या लागल्या, राष्ट्राध्यक्ष बोलायला उभा राहिला, आणि संध्याकाळचा आकडा मी लिहिणार नाही. त्यापेक्षा कारण लिहिते, ते जास्त उपयोगाचं आहे.

कारण असं, की या माणसाला आणखी चार वर्षं मिळाली तर आमचा दवाखाना बंद होणार. आत्ताच सोमवारी आणि शुक्रवारी दाराला कुलूप असतं. छातीत दुखायचं असेल तर मंगळवारची वाट बघायची. तेव्हा त्याला पाडायला हवं. आमच्या पक्षातून अकरा जण गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत, त्यांतला एक निवडायचा, आणि देशात पहिला कौल द्यायचा मान आम्हा आयोवाकरांचा. फेब्रुवारीत कॉकस आहे, म्हणजे गावाने एका खोलीत जमायचं आणि ज्याने-त्याने आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. चूक झाली तर पहिली चूकही आमचीच.

या वेळी चुकायचं नाही असं ठरवलंय. कोण गोड हसतो, कोणाचा कुत्रा छान आहे, हे सगळं बाजूला. प्रश्न एकच, त्याला पाडू शकेल असा कोण?

ऑर्विनला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बटाटे शिजलेत बहुतेक," तो म्हणाला.

एकोणपन्नास वर्षांचा संसार आहे आमचा.

९ ऑक्टोबर

प्रत्येक उमेदवाराचा केसपेपर तयार केला. माझा विश्वास कागदावर आहे, माणसं काय, काहीही सांगतात. रकाने असे: टीव्हीवर कसा दिसतो. कारखान्यातल्या लोकांना चालेल का. डुकरं पाळणाऱ्यांना चालेल का. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना चालेल का. मागच्या वेळी ज्यांनी राष्ट्राध्यक्षाला मत दिलं त्यांना चालेल का. प्रत्येकाला दहापैकी गुण.

ऑर्विनने अकराही कागद वाचले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेला.

१७ ऑक्टोबर

जोनेलच्या हॉटेलात सिनेटर हॅलॉक येऊन गेला. उंच आहे. केस पांढरे पण भरपूर. सैन्यात होता. राजमा-खिम्याची चिली खाल्ली पण आमच्याकडे तिच्यासोबत देतात तो दालचिनीचा रोल बाजूला ठेवला, त्यावर जोनेलने नाक मुरडलं. दवाखान्यांबद्दल बोलला असावा, मी लिहून घ्यायला हवं होतं. ऑर्विनचा डोळा लागला, पण तो चर्चमध्येही लागतो.

ताप नाही, नाडी नियमित, पन्नासपैकी बेचाळीस. हाच आपला माणूस. मला फार बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

आज गव्हर्नर पाइक आल्या होत्या. पश्चिमेकडच्या कुठल्याशा डोंगराळ राज्याच्या गव्हर्नर आहेत, त्याआधी तिथेच गुराढोरांच्या डॉक्टर होत्या. सभा ड्वेनच्या शेडमध्ये होती. ड्वेन म्हणजे आमच्या पलीकडच्या शेतातला, त्याच्याकडे चारशे डुकरं आहेत आणि आवाजही चारशे डुकरांना पुरेल एवढा आहे. ट्रॅक्टर बाहेर काढून वीस खुर्च्या मांडल्या होत्या. बाई कर्जमाफीवर बोलत होत्या, तेवढ्यात ड्वेनची बायको धावत आली. एक डुकरीण अडली होती आणि त्यांचा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर होता.

पाइकबाईंनी कोट काढून माझ्या मांडीवर टाकला. "धरा जरा," म्हणाल्या, आणि गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. कोपराच्या वरपर्यंत हात साबणाने धुतला, गुडघ्यांवर बसल्या, आणि आतमध्ये हात घालून पिल्लू वळवता वळवता मला विचारलं, "तुम्ही नर्स ना? इथे ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "बेचाळीस मिनिटं."

"बापरे," त्या म्हणाल्या. "मग तुमचा दवाखाना चालू राहायलाच हवा." मग एक पिल्लू बाहेर आलं, आणि लागोपाठ आणखी दहा. बाई अशा हसल्या की वरचा पत्रा वाजला. मीही हसले. किती दिवसांनी हसले देव जाणे, बरगडी दुखायला लागली. तो कोट मी परत द्यायला विसरले आणि त्याही विसरल्या, शेवटी ऑर्विन गाडीपर्यंत पळत गेला. ऑर्विन पळाला! मी त्याला शेवटचं पळताना बघितलं तेव्हा धाकटी जन्माला येत होती.

हे सगळं ठीक. पण केसपेपर समोर घेतला तेव्हा मन घट्ट केलं. बाई आहे. हसणं फार मोठं आहे. डोंगराळ राज्याला कोण विचारतो? लोकांना चालणार नाही. पन्नासपैकी एकवीस. कागदावर लाल शेरा मारला. वाईट वाटलं, पण दवाखान्याचा प्रश्न आहे.

२ नोव्हेंबर

दिवसभर गावात फिरून कौल घेतला. असं काम कंटाळा न करता करायला हवं.

ड्वेन म्हणाला, "मला विचारशील तर पाइकबाई, डोळे झाकून. माझी डुकरीण वाचवली तिने. पण आपल्याकडचे लोक कुठले बाईला मत देतायत? मी हॅलॉकलाच."

जोनेल हॉटेलचा ओटा पुसत होती. "पाइक बाई आहे ना, अगं, मला इतकी आवडली! दोन रोल खाल्ले आणि तिसरा बांधून नेला. पण माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं बघतेस ना? ही मंडळी काही तिच्यामागे जाणार नाहीत. उगाच मत वाया. हॅलॉक घे लिहून."

पास्टर लिंगडाल म्हणाले की अशी सरळ बोलणारी बाई त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिली नाही, पण चर्चमधल्या ज्येष्ठांच्या ते गळी उतरणार नाही, म्हणून तेही हॅलॉक. मग मी चर्चमधल्या दोन ज्येष्ठांना विचारलं. त्यांनाही पाइकच बऱ्या वाटल्या होत्या, पण पास्टरांना आवडणार नाही म्हणून हॅलॉक.

एकूण सतरा जणांना विचारलं. हॅलॉक सोळा, आणि एकाला ऐकू आलं नाही. लोकांना कोण हवंय हे किती लख्ख दिसतंय! माझं निदान चुकत नाही.

१९ नोव्हेंबर

टॅगार्ट नावाचा कोट्यधीशही उभा आहे. त्याची आजपर्यंत तेवीस पत्रकं आली, जाड आणि गुळगुळीत. ऑर्विन ती ओल्या बुटांखाली पसरतो. शाई उठत नाही, कागद चांगला आहे.

३० नोव्हेंबर

हॅलॉकच्या कचेरीतून कर्टिस नावाच्या गृहस्थाचा फोन. आवाज असा, की आत्ताच कोणाच्या तरी अंत्यविधीहून आलाय. "मॅडम, नॉर्डलीतलं कॉकस दरवेळी तुम्हीच चालवता ना? आमच्या यादीत तुमच्या नावापुढे 'पक्क्या' असं लिहायचं का?" मी म्हटलं, लिहा, पाइकबाईंच्याने काही व्हायचं नाही. पक्कं असणं मला आवडतं.

१२ डिसेंबर

पाइकबाई पुन्हा आल्या होत्या, या वेळी चर्चच्या तळघरात. मी मागे कॉफीच्या किटलीजवळ उभी होते. चाळीस माणसांच्या डोक्यांवरून त्या ओरडल्या, "बेचाळीस मिनिटं! कशा आहात?" सगळ्यांनी वळून बघितलं. मी कॉफी ओतत राहिले आणि ती पास्टरांच्या बशीत गेली.

घरी आल्यावर ऑर्विन म्हणाला, "बाई छान बोलली." ऑर्विनच्या तोंडून ही म्हणजे प्रचारसभाच झाली. मला राग आला.

मी म्हटलं, "छान बोलते हे मलाही दिसतं रे. पण लोक बाईला मत देत नाहीत. मला अनुभव आहे." आणि आहेच. बावीस वर्षांपूर्वी गेलॉर्ड रूडच्या विरोधात मी नगराध्यक्षपदाला उभी राहणार होते. अर्ज भरून टेबलावर ठेवला होता. तेव्हा ऑर्विनच म्हणाला, "माझं मत तुला आहेच गं, पण लोक देणार नाहीत." मी अर्ज फाडून टाकला. गेलॉर्ड रूड अजून नगराध्यक्ष आहे आणि बाजारातला दिवा अजून लागत नाही, पण माझी शोभा तर टळली. "तू तेव्हा शहाणपणाचं बोललास," मी आज त्याला पहिल्यांदाच सांगितलं. "मी ऐकलं ते बरं झालं."

माणूस खूश होईल असं वाटलं होतं. तो उठला, कोट घातला आणि अंगणातलं बर्फ काढायला गेला. अंगणात बर्फ नव्हतं, दुपारीच काढलं होतं. मग त्याने शेजारच्यांचं काढलं. बहुधा पोटात गडबड असावी.

५ जानेवारी

शून्याखाली अकरा. ऑर्विन कोणाकडे उभा राहणार याचा अजून ताकास तूर लागू देत नाही. त्याच्या कोटाचे खिसे तपासले, एखादा बिल्ला सापडेल म्हणून. एक स्क्रू, दोन पेपरमिंट, आणि मी सप्टेंबरात लिहून दिलेली किराणा यादी मिळाली.

जेवताना सरळच विचारलं, "कोणाच्या कोपऱ्यात जाणारेस?"

"उभा राहिलो की दिसेनच."

"अरे, पण मी तुझी बायको आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि मीठ मागितलं.

२२ जानेवारी

पेपरात आकडे आले. हॅलॉक पुढे. पाइक नऊ टक्के. खाली लिहिलंय की बहुतेकांना बाई पसंत आहेत पण त्या जिंकू शकतील असं वाटत नाही. म्हणजे माझं निदान तंतोतंत बरोबर. का कोण जाणे, दिवसभर काही गोड लागलं नाही. रक्तदाब दोन्ही वेळा जास्त.

३ फेब्रुवारी, दुपार

शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन कोपऱ्याकोपऱ्यांत नावांच्या पाट्या लावून आले. शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्या केल्या, चार थाळे. ऑर्विनने दाढी केली. सोमवारी तो दाढी करत नाही.

४ फेब्रुवारी

काल संध्याकाळचं सगळं नीट लिहून ठेवते. गावात आज तीन निरनिराळ्या कथा फिरतायत आणि तिन्हींत मी आहे.

सात वाजता दार लावलं तेव्हा आत अठ्ठावन्न माणसं होती. मी नियम वाचून दाखवले. अठ्ठावन्नाचे पंधरा टक्के म्हणजे नऊ. ज्या कोपऱ्यात नवापेक्षा कमी माणसं, तो कोपरा बाद. पहिली मोजणी झाली की अर्धा तास हलायची मुभा, कोणी कोणाचं मन वळवावं, वड्या खाव्यात. मग मी घंटा वाजवणार. "घंटा वाजली की पाय जिथे, मत तिथे," मी बजावलं. "मग तो कोणीही असो." मागून जोनेल म्हणाली, "हो गं बाई, माहितेय आम्हाला!" चार वर्षांपूर्वी घंटा वाजली तेव्हा ती बाथरूममध्ये होती आणि मी तिला मोजलं नव्हतं. दोन महिने तिने मला हॉटेलात ॲपल पाय वाढला नव्हता. कॉफी मात्र देत होती.

लोक आपापल्या कोपऱ्यांत गेले. मी हॅलॉकच्या कोपऱ्यात उभी राहून मोजलं. हॅलॉक सेहेचाळीस. काहीच न ठरलेले आठ. टॅगार्ट तीन, त्यातले दोघे त्याच्याकडे पगारी आहेत.

आणि पाइक, एक.

बास्केटबॉलच्या कडीखाली, कोटाच्या खिशात हात घालून, ऑर्विन उभा होता. एकटा. दाढी केलेला.

खरं लिहिते, मला त्याची लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून स्वतःचा राग आला, आणि तो राग त्याच्यावर काढायला तो शंभर फूट लांब होता. हॅलॉकच्या कोपऱ्यातून टोमणे सुरू झाले. "ऑर्विन, तिकडे वारा लागतोय, इकडे ये!" "व्हर्ना, तुझ्या घरातच विरोधी पक्ष आहे की!" गेलॉर्ड रूड तर पोट धरून हसत होता. ऑर्विन मख्खपणे कडीकडे बघत राहिला.

मी बोर्डावर आकडे लिहिले आणि अर्धा तास सुरू केला. रीतीप्रमाणे कोणीतरी त्याला आणायला जायला हवं होतं. ड्वेनला पाठवलं, हातात वड्यांची थाळी देऊन. ड्वेन गेला. दोघं काहीतरी बोलले. ड्वेनने एक वडी खाल्ली, मग आणखी एक, मग थाळी जमिनीवर ठेवून तोही तिथेच हात खिशात घालून उभा राहिला.

"ड्वेन!" मी ओरडले. "परत ये!"

"अगं, मला इथेच यायचं होतं," तो तिकडून ओरडला. त्याचा आवाज तसाच, चारशे डुकरांचा. "पण तुम्ही सगळे तिकडे होतात ना!"

मग जोनेलला पाठवलं, त्या दोघांना आणायला. ती गेली आणि तिघं झाले. पास्टर म्हणाले, हे माझं काम आहे, हरवलेल्यांना परत आणणं. ते गेले आणि चौघं झाले. तेवढ्यात न ठरलेल्या आठांतले चौघं एकमेकांना कोपरं मारत कडीखाली सरकले. आठ. घड्याळात चार मिनिटं राहिली होती.

"आता तूच जा व्हर्ना," गेलॉर्ड म्हणाला. "तुझ्या तोंडापुढे आजवर कोण टिकलंय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातात घंटा घेऊन निघाले. त्या फरशीवर आवाज फक्त माझ्या बुटांचा.

"ऑर्विन, काय चाललंय हे?"

"उभा आहे."

"आठ आहात तुम्ही. नऊ लागतात. आठ काय आणि शून्य काय, सारखंच. मुकाट्याने चल तिकडे."

"नाही."

"अरे, कळत कसं नाही तुला? आपल्याला त्याला पाडायचंय. आणि लोक तिला कधीच..."

"लोक लोक करू नकोस, व्हर्ना," तो म्हणाला. मोठ्याने नव्हे, पण ऑर्विनला मधेच बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "हे वाक्य मी एकदा बोललोय. तू अर्ज टेबलावर ठेवला होतास, आणि मी म्हटलं लोक देणार नाहीत. मी कोणाला विचारलं होतं? एकालाही नाही. तू निवडून आलीस तर घरी कमी असशील, म्हणून म्हटलं. लोक म्हणजे मीच होतो गं."

ड्वेनने मान खाली घातली. जोनेलने तोंडावर हात ठेवला. अर्ज फाडताना त्याचा आवाज कसा आला होता ते आठवलं. मला तेव्हा उभं राहायचं होतं. फार उभं राहायचं होतं. चष्म्यावर वाफ आली आणि घड्याळ दिसेना, म्हणून तो काढून बाहीने पुसला.

पुसून बघितलं तर एक मिनिट उरलं होतं.

"व्हर्ना, ये लवकर!" गेलॉर्ड ओरडत होता. "वेळ संपतेय!"

हॅलॉकच्या कोपऱ्यापर्यंत चालायला मला तीस सेकंद पुरली असती. मी निघणारच होते. पण फरशी नुकतीच घासलेली, तिच्यावर वड्यांचा चुरा, आणि मी एकाहत्तर वर्षांची. पडले आणि खुबा मोडला तर? सोमवारी दवाखाना बंद असतो. हा सगळा विचार मी नीट, शांतपणे केला, आणि करेपर्यंत सेकंदकाटा बारावर आला. घड्याळाप्रमाणे चालायचं तर घंटा वाजवायला हवी होती, म्हणून वाजवली.

मग जोनेल अगदी गोड आवाजात म्हणाली, "व्हर्ना, तू कुठे उभी आहेस गं?"

मी खाली बघितलं. पाय बास्केटबॉलच्या कडीखाली होते. दोन्ही.

"अध्यक्षांना सूट द्या!" गेलॉर्ड धावत आला. "ती समजूत घालायला गेली होती. हे धरायचं नसतं!"

"जोनेलला सूट दिली होती का?" मी विचारलं. "पाय जिथे, मत तिथे." आणि बोर्डाकडे जाऊन पाइक यांच्या नावापुढे नऊ लिहिलं. खडू तुटला. अख्खी व्यायामशाळा हसायला लागली, हॅलॉककडचेही. बाद झालेल्या दोन कोपऱ्यांतले सात जण घंटेआधीच हॅलॉककडे सरकले होते, ते धरून त्याचे एकोणपन्नास. जिल्ह्याच्या सभेला आमच्या गावचे पाच प्रतिनिधी जातात, त्यातले चार हॅलॉकचे आणि एक पाइकबाईंचा. कडीखालच्या नऊ जणांनी तो एक निवडायचा होता. ऑर्विनने हात वर केला आणि माझं नाव सुचवलं. आठ हात वर आले. नववा वर करायला मला जरा वेळ लागला.

घरी जाताना गाडी ऑर्विन चालवत होता. त्याच्यावर मला राग आहे. बावीस वर्षांचा आहे, आणि आपल्या पोटात तो आहे हेच मला काल कळलं. ते मी त्याला सांगितलं. "असू दे," तो म्हणाला, "मला तो हवाच होता." फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी त्याचा हात धरला. राग तसाच आहे, पण हात धरावासा वाटला तो धरला.

५ फेब्रुवारी

राज्यभराचा निकाल लागला. हॅलॉक पहिला. पाइकबाई तिसऱ्या, अजून रिंगणात आहेत. जितकं वाटलं होतं त्यापेक्षा दुप्पट मतं मिळाली म्हणे, पण पहिल्याच्या जवळपासही नाही.

सकाळी जोनेलच्या हॉटेलात गेले. जो येतो तो माझ्या टेबलाशी थांबतो आणि वाकून कानात सांगतो, "खरं तर मलाही तीच हवी होती." मी बोटं मोजायला लागले. जेवणाच्या वेळेपर्यंत एकतीस झाले. एकतीस! मी प्रत्येकाला विचारलं, मग आला का नाहीत? प्रत्येकाचं उत्तर एकच, "तुम्ही सगळे तिकडे होतात ना!" एकेकाच्या कानशिलात द्यावीशी वाटली. मग आठवलं की पहिल्या मोजणीत सेहेचाळिसावी मीच होते, आणि दुसऱ्याला बोलायचं तोंड मला नव्हतं. रोल खाऊन घरी आले.

दुपारी फोन वाजला. हॅलॉकच्या कचेरीतला कर्टिस होता. ऑर्विन मोरीत कप विसळत होता.

"मॅडम, अभिनंदन, नॉर्डलीत आपण जिंकलो," तो म्हणाला. आवाज तोच, अंत्यविधीचा. "पण एक प्रतिनिधी हातचा गेला. आमच्या माणसाने शेवटच्या मिनिटापर्यंत आठच मोजले होते. हा नववा माणूस कोण? नाव कळलं तर मार्चमधल्या जिल्ह्याच्या सभेआधी कोणाला तरी पाठवून समजूत घालू."

"समजूत घालायला जी गेली होती, तीच ती," मी म्हटलं. "लिहून घ्या. व्हर्ना टॉलफ्सन."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण मॅडम, तुमच्या नावापुढे 'पक्क्या' लिहिलंय."

"मग बरोबरच लिहिलंय. खोडू नका."

"पण तुम्हीच सांगत होतात ना, तिच्याने होणार नाही म्हणून? असं अचानक काय झालं?"

मोरीतलं पाणी बंद झालं. ऑर्विन पाठमोरा उभा होता, हातात कप तसाच.

"मला ती आवडते," मी म्हटलं. चार महिन्यांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. "त्या शेडमध्ये आवडली त्या दिवसापासून आवडते. ती त्याला पाडेल की नाही ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही."

"ते ठीक आहे मॅडम," कर्टिस म्हणाला. "पण लोकांचं काय?"

"जोनेलच्या हॉटेलचा नंबर देते," मी म्हटलं. "लोक आत्ता तिथेच बसलेत. त्यांनाच विचारा."